बाळाराम ड्रायव्हरचे तीन डिपर

“हे तुमच्यापैकी कुणालाच खरं वाटणार न्हाय, म्हणून आधीच सांगून ठेवतो,” बाळारामदादांनी बशीतल्या चहावर फुंकर घालत जाहीर केलं. “काल संध्याकाळी झिराडच्या रस्त्यावर मी सात एसट्या उभ्या केल्या. हात दाखवला न्हाय, हाक मारली न्हाय. नुसत्या दिव्यांवर. सात!”

नागावच्या नाक्यावर तुळशीच्या हॉटेलात सकाळच्या वेळी कोणीही काहीही जाहीर करावं, त्याला मज्जाव नाही. पण दादांच्या शब्दाला तिथे जरा जास्त वजन होतं. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हरकी, एकही अपघात नाही, आणि त्या बत्तीस वर्षांत जे घडलं त्याच्या तिप्पट सांगण्यासारखं. ते बोलू लागले की शेजारचे कोंडाजी हातातला पेपर घडी करून मांडीखाली घालत. पेपरातलं निदान एकदा तरी कुणीतरी तपासलेलं असतं, त्यामुळे त्यात मजा नाही, असं कोंडाजींचं मत होतं.

आज मात्र दादा मजेसाठी बोलत नव्हते. समोरच्या बाकावर त्यांचा मुलगा अजित बसला होता. शाळेत मास्तर. आणि बाप-लेकांच्या मधोमध, पावाच्या बशीला खेटून, मोटारीची चावी पडली होती. अजित आदल्या दिवशी पेणला प्रशिक्षणाला गेला होता, तो आताच परतला होता आणि त्यानं थोडक्यात खटला मांडला होता.

“आबा, मी नसताना काल अंधारात गाडी काढलीत. मैत्रीला सुखरूप आणलंत, कबूल. जाताना-येताना तुम्ही स्वतः नीट चालवलीत हे मला पटलं, तर ही चावी तुमची. दिवस असो, रात्र असो, मी विचारणार नाही. नाही पटलं, तर दिवेलागणीनंतर तिला हात लावायचा नाही. कायमचं.”

“मग मैत्रीला विचार की.”

“विचारलं. ‘आजोबांनाच विचारा,’ म्हणाली, आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन आत हसत बसली.”

“गुणी पोर हाय,” दादा म्हणाले, आणि त्यांनी मुळापासून सुरुवात केली.

सगळ्याचं मूळ एका गतिरोधकात होतं. दोन महिन्यांपूर्वी दादा रेवदंड्याहून संध्याकाळचे परत येत होते. रस्त्यात गतिरोधक दिसला. शिस्तीचा ड्रायव्हर, त्यांनी गाडी हळू केली, दुसरा गिअर टाकला, आणि आता चाक वर चढणार तोच गतिरोधक उठून उभा राहिला. शेपटी हलवली, दादांकडे एकदा नाराजीनं बघितलं आणि शेणाचा पो टाकून शेतात निघून गेला. शेजारी बसलेल्या सखूबाईंनी ही हकिगत घरी आल्या आल्या सुनेला सांगितली, सुनेनं अजितला सांगितली, आणि त्या रात्रीपासून चावी अजितच्या खोलीत खिळ्याला लटकू लागली. सकाळी मिळायची, संध्याकाळी जमा.

“डोळे दाखवून या, आबा,” अजित म्हणायचा.

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? दिवे गेलेत गाडीचे! खाऱ्या हवेनं काच बघ कशी पिवळी पडलीय ती. गाडीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय.”

“मोतीबिंदू कुणाच्या डोळ्यांत झालाय ते डॉक्टर सांगतील ना?”

दादा दोनदा अलिबागला डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत गेले होते आणि दोन्ही वेळा दारातूनच परतले होते. आत बाकावर सगळी म्हातारी माणसं बसली होती, त्यांच्यात आपलं काय काम, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. हा भाग त्यांनी हॉटेलात सांगितला नाही.

त्यांना खरं दुखत होतं ते वेगळंच. संध्याकाळी अंगणात बसलं की रस्त्यावरून शेवटच्या गाड्या जायच्या, आणि दादा आवाजावरून सांगायचे, ही रेवदंड्याची, ही मुरुडची, हिचा क्लच घसरतोय. ह्या रस्त्यांवर त्यांनी उभी हयात अंधार कापला होता. तोही कसल्या दिव्यांवर? जुन्या एसटीचे दिवे म्हणजे दोन कंदील, त्यातला एक बहुधा आजारी. दिवा फक्त समोरच्याला आपण दिसावं म्हणून असायचा. रस्ता नाकानं कळायचा. सुक्या मासळीचा वास आला की थळचा फाटा. ओल्या पेंढ्याचा वास आला की झिराड. सुरंगीचा वास आला की वळण डावीकडे, आणि त्याच वळणावर एखादी म्हातारी हातात कंदील घेऊन उभी असायची. बसायला नव्हे, मुंबईला असलेल्या लेकासाठी चिठ्ठी कंडक्टरच्या हाती देण्यासाठी.

आणि ह्या रस्त्यांना तेव्हा एक भाषा होती. खिशात मोबाईल नव्हता, त्या काळातली. डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांनी आपसात ठरवून ठेवलेली. समोरून येणाऱ्या गाडीनं एकदा डिपर दिला, म्हणजे दिवा एकदा वरखाली केला, की ‘ये, रस्ता मोकळा आहे.’ दोनदा दिला की ‘पुढे साहेब तपासणीला उभे आहेत, टोपी घाल.’ आणि तीनदा दिला तर हातातलं सगळं सोडून गाडी बाजूला घ्यायची. तीन डिपर म्हणजे ‘थांब, तुझ्यासाठी निरोप आहे.’

तीन डिपर उगाच कुणी देत नसे. कुणाचा बाप गेला, कुणाला मुलगा झाला, कुणाच्या घरात पाणी शिरलं, हे सगळं तीन डिपरांवर पोचायचं. खुद्द अजित जन्मला तेव्हा दादा पोयनाडच्या अलीकडे होते. समोरून शिवदासची गाडी आली, तीनदा दिवा लुकलुकला, दादांनी गाडी थांबवली. शिवदास खिडकीतून ओरडला, “पोरगा!” आणि दादांच्या गाडीतल्या पन्नास अनोळखी उतारूंनी टाळ्या वाजवल्या.

“आबा, माझा जन्म सोडा,” अजित म्हणाला. “काल काय झालं?”

“येतोय. रस्ता आल्याशिवाय वळण येत न्हाय.”

तर दिव्यांचा दोष असल्यामुळे दादा एका दुपारी, म्हणजे चावी हातात असताना, अलिबागला अल्पेशच्या दुकानात गेले. अल्पेश गाड्यांना दिवे, भोंगे आणि सीटकव्हरं बसवून द्यायचा. बोलायचा अर्धा मुंबईत आणि अर्धा अलिबागेत.

“काका, हे तुमचे दिवे म्हणजे समई हाय समई,” त्यानं काचेवर टिचकी मारली. “एलईडी टाकू. सहा हजार केल्विन. एकदम मस्त. रात्र काय असते ते भूल जाओगे.”

“केल्विन म्हंजे काय रे?”

अल्पेशनं जरा विचार केला. “म्हंजे... पांढरं. लय पांढरं.”

“आणि खाली हे पिवळे?”

“फॉग लाईट. धुकं असलं ना, तर खालून कापत जातात. तुमच्यासारख्या जुन्या ड्रायव्हरला शोभतात, काका.”

शोभतात म्हटल्यावर प्रश्नच मिटला. घरी आल्यावर सखूबाईंनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“अवो, नागावला धुकं कधी पडलंय?”

“पडलं तर?”

“पडलं तर घरात बसायचं. धुक्यात तुमाला कोण बोलावतंय?”

“गो सखू, तुला त्यातलं कळत न्हाय.”

“मला एवढंच कळतंय की ह्या गाडीला आता चार डोळे झाले, नि तुमाला एक चष्मा लावायचा जिवावर येतोय.”

दिवे अंधारात लावून बघायचा योग मात्र येईना. चावी संध्याकाळी खिळ्यावर. आणि मग काल दुपारी मैत्रीचा फोन आला. मुंबईला नर्सिंगला असलेली ही नात, थोरल्या लेकीची लेक, परीक्षा संपवून भाऊच्या धक्क्यावरून संध्याकाळच्या लाँचनं रेवसला उतरणार होती. बरोबर दोन जड बॅगा. अजित पेणला. चावी खिळ्यावर. आणि खिळा काही फार उंच नव्हता.

दादा निघाले तेव्हा उजेड होता. अलिबाग सोडलं आणि डिसेंबरचा दिवस, बघता बघता अंधारलं. दादांनी मोठ्या समाधानानं बटण ओढलं. सहा हजार केल्विन बाहेर पडले.

ते थेट माडांवर गेले.

गाडीच्या जुन्या खोबणीत नवा दिवा बसवला की त्याचा नेम साधून घ्यावा लागतो. भिंतीसमोर गाडी उभी करून, स्क्रू पिळून. अल्पेशनं तो साधलाच नव्हता. त्यामुळे दादांच्या पुढे रस्ता काळाकुट्ट आणि वर दुतर्फा माडांचे शेंडे दिवसासारखे लख्ख. कोणत्या माडाला किती नारळ लागलेत ते मोजता येत होतं. एका माडावर उंदीर पळताना दिसला. रस्ता तेवढा दिसत नव्हता.

“वटवाघळं उठली,” दादा सांगत होते. “कावळ्यांना वाटलं उजाडलं, त्यांनी कावकाव सुरू केली. अरे, मुंबईला चाललेलं एक विमान वर घुटमळलं जरा. इथं उतरायचं का, असा विचार केला त्यानं.”

“उतरलं का मग?” कोंडाजींनी विचारलं.

“जागा अरुंद पडली.”

चोंढीच्या बाजारातून बाहेर पडताना समोर कोणीतरी सायकल घेऊन आडवं आलं असावं असा दादांना संशय आला, म्हणून त्यांनी हॉर्न वाजवला. आणि चमत्कार झाला. खालचे पिवळे दिवे भकभकभक असे तीनदा लागले आणि विझले. त्या तीन भकांमध्ये दादांना रस्ता दिसला. छान दिसला. पट्टा, कडेची गटार, सायकल, सगळं. मग पुन्हा काळोख.

झालं होतं असं, की अल्पेशनं पिवळ्या दिव्यांची वायर चुकून हॉर्नच्या वायरला जोडली होती, तीही मधे लुकलुकणारी एक डबी घालून. म्हणजे वरचे दिवे माड दाखवणार, आणि रस्ता बघायचा असेल तर हॉर्न वाजवायचा. बत्तीस वर्षं वासावर गाडी हाकलेल्या माणसाला आता आवाजावर हाकायची पाळी आली. दादांनी हार मानली नाही. पाच-पाच सेकंदांनी हॉर्न, तीन भक, रस्ता लक्षात ठेवायचा, तेवढा कापायचा, पुन्हा हॉर्न. किहीमच्या फाट्यावरची कुत्री पहिल्यांदा भुंकली आणि मग कंटाळून नुसती बघत बसली.

आणि झिराडच्या अलीकडे समोरून एसटी आली.

रेवसहून रेवदंड्याला जाणारी संध्याकाळची गाडी. दादांनी सवयीनं हॉर्न दाबला. तीन भक. समोरच्या गाडीचा वेग एकदम तुटला. ब्रेकची लांब किंकाळी आली, आणि ती अजस्र गाडी मधोमध थांबली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि एक पांढऱ्या मिशीचा माणूस खाली उडी मारून धावत आला.

“कोण गेलं?” त्यानं लांबूनच विचारलं. “बाळारामदादा, तुम्ही? सांगा लवकर. घरी काय झालं?”

तो शिवदास होता. पोयनाडच्या अलीकडे ‘पोरगा!’ म्हणून ओरडलेला. महिनाअखेरीला निवृत्त व्हायचा होता. त्याच्या वरच्या खिशात मोबाईल होता, त्यात बायकोचा, मुलाचा, सगळ्यांचा नंबर होता, कुणाला काही झालं असतं तर तो केव्हाच वाजला असता. पण तीन डिपर पडले आणि शिवदासचा पाय ब्रेकवर गेला. वीस वर्षांत त्या रस्त्यावर कुणी तीन डिपर दिले नव्हते.

निरोप तर काहीच नव्हता. पण धावत आलेल्या माणसाला ‘वायर चुकलीय’ असं कसं सांगणार?

“निरोप हाय,” दादा म्हणाले. “तू एकतीस तारखेला सुटतोस. एक तारखेला माझ्याकडं जेवायला यायचं. सखू घावणे करणार हाय.”

शिवदासनं दादांच्या खांद्यावर असा धपाटा घातला की त्यांचा हात हॉर्नवर पडला. तीन भक.

मागून दुसरी एसटी आली होती, तीही थांबली. तिचा ड्रायव्हर तरुण, त्याला ह्या भाषेतलं अक्षर ठाऊक नव्हतं. त्यानं चिडून भोंगा वाजवला. दादांनी शिस्तीत उत्तर दिलं. तीन भक.

“काय प्रॉब्लेम काय हाय, काका?” तो पोरगा खाली उतरला.

“निरोप आहे,” शिवदासनं त्याला समजावलं.

“मग व्हॉट्सअप करा ना!”

तेवढ्यात अलिबागकडून येणारी गाडी येऊन थांबली. तिचा ड्रायव्हर जुना. तो धावतच आला. “कोण गेलं?” मग त्याच्यामागची. मग पुढची. उतारू खाली उतरले. आंबेडकरनगरातले दोन म्हातारे दादांना ओळखून “जय भीम, ड्रायव्हरसाहेब” करत आले आणि जुन्या मुक्कामाच्या गाडीच्या आठवणी काढू लागले. उतारूंपैकी एकीनं पिशवीतून काकड्या काढल्या. भर रस्त्यात, माडांचे शेंडे उजळलेले, खाली अंधार, आणि त्या अंधारात पाच-सहा टोप्या एकमेकांना मिठ्या मारत होत्या.

“थांब,” कोंडाजी म्हणाले. “संध्याकाळच्या टायमाला त्या रस्त्यावर सात एसट्या हायेत कुठं? टाईमटेबलात तीन हायेत.”

“तीनच होत्या. बाकीच्या बघायला आल्या.”

“आणि मैत्री?” अजितनं विचारलं. त्याच्या मास्तरी चेहऱ्यावरची इस्त्री जरा मोडली होती. शिवदासकाकांचं नाव निघाल्यापासून तो पावाचा तुकडा चहात बुडवायचा विसरला होता.

“तेच सांगतोय. मैत्री शिवदासच्या गाडीतच होती! मला उशीर झाला म्हणून रेवसहून बसली होती. ‘आजोबा, हे काय?’ करत खाली उतरली. मी म्हटलं, बाई गो, तुला उतरवायलाच तर गाडी थांबवली.”

“मघाशी जेवणाचा निरोप होता.”

“एका निरोपात दोन कामं. तेव्हा असंच करायचो आम्ही.”

बाहेर रेवदंड्याकडून आलेली अलिबागची गाडी नाक्यावर थांबली. रात्री तिकडे वस्तीला गेलेली, सकाळी परत निघालेली. तिची कंडक्टर, प्रणाली नावाची चुणचुणीत मुलगी, गळ्यातलं तिकिटाचं मशीन सावरत हॉटेलात आली, तुळशीकडून चहाचा ग्लास घेतला आणि दाराशी उभ्या उभ्याच ऐकू लागली. दादांची तिच्याकडे पाठ होती.

“मग पोरीच्या बॅगा डिकीत टाकल्या,” दादांचा आवाज चढला. आता शेवटचा उतार होता आणि चावी हाताच्या अंतरावर होती. “ती म्हणाली, ‘आजोबा, मी चालवू का? लायसन काढलंय मी.’ मी म्हटलं, तू सुखानं बस. बत्तीस वर्षं ह्या रस्त्यानं लोकांना घरी पोचवलंय, आज नातीला पोचवतो. बसलो स्टेअरिंगवर. पुढं शिवदासची गाडी, मागं मी. हॉर्न न्हाय, काय न्हाय. वास घेत आलो. पेंढा आला, झिराड गेलं. सुकी मासळी आली, थळ गेलं. अलिबाग मागं टाकलं. वळणाला वळण, गिअरला गिअर. कुठं धक्का न्हाय, कुठं खरचटलं न्हाय. दारात गाडी लावली तेव्हा मैत्री म्हणाली, ‘आजोबा, असं ड्रायव्हिंग मी मुंबईत पण बघितलं न्हाय.’”

कोंडाजींनी मान डोलावली. अजितनं घसा साफ केला. गतिरोधक उठून गेल्यापासून, गेल्या दोन महिन्यांत, त्यानं बापाकडे असं पाहिलं नव्हतं.

“आबा,” तो म्हणाला, “माझं चुकलं असेल.” आणि त्यानं बोटानं चावी हळूच पलीकडे सरकवली.

दादांनी ती लगेच उचलली नाही. मोठ्या माणसानं घाई करायची नसते. त्यांनी आधी बशी संपवली, मिशा पुसल्या, मग हात पुढे केला.

“आजोबा!” दारातून प्रणाली म्हणाली. ती खरोखरच गोंधळली होती, तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. “पण तुमची गाडी तर तुमची नात चालवत होती ना, आमच्या मागून? स्टेअरिंगवर तुम्ही होता, तर झिराडपासून नागावपर्यंत माझ्या एसटीत पहिल्या सीटवर बसून आमच्या ड्रायव्हरला ‘आता तिसरा टाक, शिवदास, आता तिसरा टाक’ म्हणून सारखं कोण ओरडत होतं?”